प्रेक्षकांविना दोन अंक

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शुक्रवारी सकाळी, दोहातल्या अल मुंतझा भागात दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, एक दोन अंकी अमेरिकी नाटक मराठीत पूर्ण वाचले गेले. वाचन साडेनऊला सुरू झाले आणि पावणेबाराला संपले. वाचणारे दोघे होते. ऐकणारे कोणी नव्हते. तशी अटच होती. फ्लॅट माझा होता आणि त्या दोघांपैकी एक मी होते.

दुसरे होते बासष्ट वर्षांचे एक मेकॅनिकल इंजिनिअर. मूळचे नाशिकचे. अठ्ठावीस वर्षे कतारमध्ये, त्यातली शेवटची अकरा उत्तरेला, मदिनत अश शमालमध्ये कंपनीने दिलेल्या घरात. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांच्या पत्नी नाशिकला परतल्या त्याला पंधरा वर्षे झाली होती. मराठी मंडळात सगळे त्यांना काका म्हणत, मीही. त्यांचा करार मार्चअखेर संपत होता. करार संपला की निवासाचा परवाना संपतो आणि माणूस सामान आवरतो. जाण्याआधी त्यांना एक भूमिका रंगमंचावर करायची होती. ती झाली नाही. कारण मी केलेली एक चौकशी.

नाटक ज्याचे, तो माणूस अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका नदीकाठच्या गावात जन्मला. वडील त्या नदीवरच्या फिरत्या पुलाचे राखणदार होते. बोट आली की पुलाचा मधला भाग आडवा फिरवून वाट मोकळी करायची आणि बोट गेली की पूल पुन्हा जुळवायचा, हे त्यांचे काम. आई पियानो शिकवत असे. एक धाकटी बहीण. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलाच्या कोठारात कारकून होता आणि खलाशांच्या करमणुकीसाठी छोटे प्रवेश लिहीत असे. युद्धानंतर तो न्यूयॉर्कला गेला, दिव्यांच्या दुकानात नोकरीला लागला. त्याचे पहिले नाटक चार रात्री चालले. दुसरे वर्षभराहून जास्त चालले. ते पुलाच्या राखणदाराचे होते: गावाला नवा, उंच पूल मिळाला आहे, जुना उद्यापासून बंद, आणि म्हातारा शेवटच्या संध्याकाळी पुलावरच्या खोलीतून खाली उतरायला नकार देतो. मुलगा समजवायला येतो. नगरपालिकेचा अधिकारी येतो. मुलगी जेवण घेऊन येते. एवढेच नाटक.

इथपर्यंतचे सगळे दोन ठिकाणांहून पडताळलेले आहे. पुढचे सगळेच तसे नाही.

या माणसाचे नाव मी पहिल्यांदा पुण्यात, पहिल्या नोकरीत वाचले. परदेशी वृत्तसंस्थेकडून त्याच्या मृत्यूची चार ओळींची बातमी आली होती. मी तिच्या दोन ओळी केल्या आणि 'तीन नाटकांचे लेखक' असे लिहिले. नाटके पाच होती. वाचकाचे एक पोस्टकार्ड आले, त्यात पाचही नावे होती. मुख्य उपसंपादकांनी ते वाचून टेबलाच्या खणात टाकले. दुरुस्ती छापली गेली नाही. तेव्हापासून मी त्याच्याविषयी सापडेल ते जमवत आले. दोहाला इंग्रजी दैनिकात कॉपी तपासायला आले तेव्हा ती फाइल बरोबर आली. इथे माझी पाळी दुपारी तीनला सुरू होते. सकाळ रिकामी असते. पुस्तक करायचे असे मी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

मंडळाच्या दिवाळी फराळाला काकांशी शेजारी बसण्याचा योग आला. ते चिवड्यातले खोबरे बाजूला काढत होते. मी काय करते ते त्यांनी विचारले. मी त्या नाटककाराचे नाव घेतले तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली.

"फाटकवाला," ते म्हणाले.

"कोण?"

"अहो, आम्ही केलंय ते नाशकात. कॉलेजला असताना. मी मुलगा होतो."

चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या एका प्राध्यापकांनी त्या नाटकाचे रूपांतर केले होते. फिरता पूल नाशकात कोणाला कळणार, म्हणून मनमाडच्या बाजूचे रेल्वे फाटक केले. राखणदाराचा झाला गेटमन, नव्या पुलाचा झाला उड्डाणपूल. जाहिरातीत 'एका अमेरिकी नाटकावरून' एवढीच नोंद होती. त्या काळी हौशी संस्था इतपत लिहीत आणि तेवढे पुरेसे मानले जाई. परवानगी कोणी मागत नसे. मागायची कोणाकडे, हेही कोणाला माहीत नसे. बापाची भूमिका प्राध्यापकांनी स्वतः केली. ते आता नाहीत. काका मुलगा म्हणून प्रत्येक प्रवेशात रंगमंचावर असत, त्यामुळे बापाची वाक्ये त्यांना तेव्हापासून पाठ होती. दोनशे पानी वहीतल्या संहितेची झेरॉक्स त्यांच्याकडे होती. कतारमध्ये चार घरे बदलताना ती चारही वेळा त्यांनी बरोबर नेली होती.

मंडळाचे वार्षिक स्नेहसंमेलन मार्चच्या पहिल्या आठवड्यात असते. दरवर्षी त्यात सभासदांनी लिहिलेली विनोदी प्रहसने होतात. काकांनी कार्यकारिणीपुढे हे फाटकाचे रूपांतर ठेवले. पुण्याहून आलेले, आयटीतले, पस्तिशीचे सेक्रेटरी मुलाच्या भूमिकेला तयार झाले. त्यांच्या पत्नी मुलगी. बँकेत काम करणारे, चाळिशीच्या आतले एक गृहस्थ रेल्वेचे अधिकारी. बाप काका.

"नाशिकला जाऊन करा की निवांत," बँकेतले गृहस्थ म्हणाले. "तिथे खरी नाट्यगृहं आहेत."

"नाशकात माझ्या वयाची माणसं नाटकाला बसतात," काका म्हणाले. "उभी राहत नाहीत. तिथे मला कोण घेतंय? इथे तुम्हाला कुणी मिळत नाही म्हणून मी."

तालमी शुक्रवारी सकाळी सेक्रेटरींच्या घरी होत. सोफे भिंतीला लावले जात. काका शमालहून शंभर किलोमीटर गाडी चालवत येत आणि सगळ्यांच्या आधी पोचत. पहिल्या दिवशी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नारळ फोडला. वॉचमनने हात पुढे केला, त्याला खोबरे दिले. मला प्रॉम्प्टिंग दिले होते. काकांना प्रॉम्प्टरची गरज नव्हती, इतरांना होती.

"तू माझा मुलगा आहेस," काका सेक्रेटरींना म्हणत. "क्लायंटला स्टेटस देतोयस असं बोलू नकोस."

"काका, तुम्ही दार न उघडताच आत आलात."

"दार कुठाय? दार इंडस्ट्रियल एरियात आहे, अजून रंग वाळतोय."

"समजा ना आहे म्हणून."

"तू समज. मी पन्नास वेळा तिथे जाऊन त्या सुताराला विचारून आलोय."

हे खरे होते. गेटमनच्या खोलीचे दार इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये होत होते आणि काका कामावरून थेट तिथे जाऊन सुताराला बिजागऱ्या उलट्या बाजूला लावायला सांगत. दार आतून ढकलून उघडले तर बाप प्रेक्षकांना पाठमोरा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्राध्यापकांचे दार तसे होते आणि चाळीस वर्षे ते त्यांना खुपत होते.

डिसेंबरमध्ये सेक्रेटरींनी मला स्मरणिकेसाठी एक पान लिहायला सांगितले. मूळ नाटककाराची ओळख, चारशे शब्द. मी लिहिले. पुलाच्या नाटकाचा पहिला प्रयोग कोणत्या वर्षी झाला याबाबत माझ्याकडच्या दोन नोंदी जुळत नव्हत्या. एका नाट्यकोशात एक वर्ष होते, नाटककाराच्या बहिणीने एका कॉलेजच्या ग्रंथालयासाठी दिलेल्या मुलाखतीत त्याच्या पुढचे. नाट्यकोशाचे वर्ष मला बरोबर वाटत होते. वाटणे आणि माहीत असणे यात फरक असतो, असे मी बावीस वर्षे शिकाऊ उपसंपादकांना सांगत आले होते. नाटककाराचे हक्क सांभाळणारी एक एजन्सी न्यूयॉर्कमध्ये आहे. मी तिला ईमेल केला. वर्ष विचारले. चौकशी कशासाठी, हे सांगण्याची रीत आहे म्हणून एक वाक्य लिहिले: दोहा येथे मार्चमध्ये होणाऱ्या मराठी रूपांतराच्या स्मरणिकेसाठी.

उत्तर पाचव्या दिवशी आले. पत्र एका बाईंचे होते, सभ्य होते. पहिल्या परिच्छेदात वर्ष होते. दुसऱ्यात असे होते की कोणत्याही भाषेतल्या रूपांतराला एजन्सीने परवानगी दिलेली नाही आणि देता येणार नाही. लेखकाच्या मृत्युपत्रानुसार नाटकाचे स्थळ, पात्रे आणि शेवट बदलता येत नाहीत. संहितेशी प्रामाणिक भाषांतराचा विचार होऊ शकतो. नियोजित प्रयोग होणार नाही याची लेखी खात्री त्यांनी मागितली होती.

मृत्युपत्रातली ही अट कुठून आली ते माझ्या फाइलमध्ये होते. पुलाचे नाटक गाजल्यानंतर ते दूरचित्रवाणीसाठी घेतले गेले. नदीचा समुद्र झाला. पुलाचे दीपगृह झाले. शेवटी म्हातारा खाली उतरतो आणि महापौर त्याला पदक देतो. प्रसारणाची तारीख लेखकाला कळवली गेली, बदल कळवले गेले नाहीत. तो कोर्टात गेला आणि हरला. ही सगळी माहिती नोंदींत आहे. बहीण पुढे सांगते की त्यांच्या वडिलांनी ते गावातल्या एका दुकानात उभे राहून पाहिले आणि मुलाला फोन करून विचारले, मी कधी दिव्याचं काम केलं? हे एकटी बहीण सांगते. वडील त्याच हिवाळ्यात गेले, हे मात्र गावच्या नोंदवहीत आहे. त्यानंतर त्याने तीन नाटके लिहिली. एकही दोन आठवड्यांवर चालले नाही. काही वर्षे एका लहान कॉलेजात शिकवले, लग्न केले नाही, आणि शेवटची बारा वर्षे बहिणीच्या घराच्या वरच्या खोलीत राहिला. त्या बारा वर्षांत त्याने काय लिहिले, हे सांगणारी नोंद मला मिळालेली नाही.

ईमेल फक्त मला आला होता. तो मी दीड दिवस ठेवला. रविवारी सकाळी सेक्रेटरींना पाठवला. दहा मिनिटांत फोन आला.

"ताई, हा मेल तुम्हाला आलाय की मंडळाला?"

"मला. पण मंडळाचा उल्लेख आहे."

"तो कुणी केला?"

"मी."

"तुम्ही फॉरवर्ड केला नसता तर मला कळलं नसतं."

"नसतं."

"आता कळलं."

"हो."

"खलास," ते म्हणाले. मग: "काकांना कोण सांगणार?"

संमेलन एका शाळेच्या सभागृहात होते. सभागृहाच्या अर्जात एक ओळ असते: सादर होणाऱ्या साहित्याचे हक्क आयोजकांकडे आहेत. सेक्रेटरी दरवर्षी त्यापुढे खूण करत, कारण प्रहसने घरचीच असत. या वर्षीही केली होती. अर्जावर त्यांची सही आणि ओळखपत्राचा, म्हणजे क्यूआयडीचा, नंबर होता. सोमवारी कार्यकारिणीची ऑनलाइन बैठक झाली आणि नाटक रद्द झाले. एजन्सीला तसे कळवले गेले. पत्राचा मसुदा मी केला.

काकांना मी शुक्रवारी सांगितले. तालीम नाही हा निरोप त्यांना गेला होता, तरी ते आले. सेक्रेटरींच्या घरी सोफे जागच्या जागी होते. काका उभेच राहिले.

"तुम्ही विचारलंत कशाला?"

"वर्ष तपासायचं होतं."

"कसलं वर्ष?"

"पहिल्या प्रयोगाचं."

"मग? मिळालं?"

"मिळालं."

"तुमच्याकडचं चुकीचं होतं?"

"नाही. बरोबर होतं."

त्यांनी मान हलवली. सेक्रेटरींच्या पत्नी चहा घेऊन आल्या. काकांनी कप घेतला.

"काका, अर्जावर माझी सही आहे," सेक्रेटरी म्हणाले. "माझा क्यूआयडी आहे त्यावर."

"मी म्हटलं का काही?"

"नाही, पण..."

"चाळीस वर्षांपूर्वी आम्ही केलं तेव्हा तो माणूस जिवंत होता," काका म्हणाले. "त्याला कुणी सांगितलं नाही. बरं झालं. आता मेल्यावर सांगितलंत." हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले. चहा पूर्ण प्याले आणि गेले. दार वर्कशॉपमध्ये तयार होते. ते त्यांनी नंतर कोणाला तरी देऊन टाकले. कोणाला, हे मला माहीत नाही.

त्या आठवड्यात मी एजन्सीला दोन प्रश्न विचारले. बदल न करता केलेल्या भाषांतराला परवानगी मिळायला किती वेळ लागेल? उत्तर: मृत्युपत्राने नेमलेल्या विश्वस्तांच्या बैठका वर्षातून दोन, पुढची एप्रिलमध्ये. दुसरा: घरात, खाजगीत, प्रयोग न करता वाचन करायला परवानगी लागते का? उत्तर: निमंत्रित श्रोते नसतील तर नाही.

मी शमालला फोन केला. एप्रिलमध्ये काका इथे नसणार हे त्यांनाही माहीत होते, मलाही. मी दुसऱ्या उत्तराविषयी सांगितले आणि मूळ नाटकाचे जसेच्या तसे भाषांतर करून ते घरात वाचू, असे सुचवले.

"म्हणजे फाटक जाणार?"

"हो. पूल येईल."

"मला पूल कुठे माहितीय? फाटक मी पाहिलंय. माझा मामा गेटमनच होता." मग: "तो पूल हाताने फिरवायचा की मोटरने?"

"हाताने. पुलाच्या मधोमध एक उभा दांडा बसवायचा, त्याला आडवी काठी, आणि ती ढकलत गोल चालायचं. वडील दर बोटीला चाळीस फेऱ्या मारत, असं बहीण म्हणते."

"चाळीस कशा होतील? गियर केवढा होता?"

"ते तिने सांगितलेलं नाही."

"ड्रॉइंग आहे?"

ड्रॉइंग नव्हते. गावच्या जुन्या छायाचित्रांपैकी एकात दांडा आणि काठी दिसत होती. ते मी पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी ऑफिसात असताना, त्यांचा हाताने काढलेला आराखडा आला. दातेरी चक्रांवर आकडे होते. खाली लिहिले होते: अडतीस ते बेचाळीस. बहीण बरोबर.

भाषांतराला पाच आठवडे लागले. सकाळी सात ते एक मी लिहीत असे, मग डबा घेऊन ऑफिसला जात असे. चार पाने झाली की व्हॉट्सॲपवर पाठवत असे. त्या आधी तीन वर्षांत माझ्या फोनवर मराठीत येणारे निरोप बहुतेक मंडळाच्या ग्रुपवरचे असत. आता रोज पहाटे पाच-साडेपाचला, त्यांची कंपनीची बस सुटायच्या आधी, उत्तर येई.

'पाण्याची पातळी घटली' हे तुमच्या पेपरात. पुलावरचा माणूस 'पाणी उतरलं' म्हणेल.

'तू निघून जावेस हे बरे' असं कोणता बाप बोलतो? 'जा तू आता' करा.

पान एकोणीस. हा एवढं बोलत नाही. मुळात आहे का?

मुळात होते. मी तसे कळवले. उत्तर आले: मग राहू द्या. बोलेल.

एकदाच त्यांनी फोन केला. दुसऱ्या अंकात मुलगा म्हणतो, तुम्ही या पुलावर राहिलात, आम्ही गावात राहिलो, तुमच्यासाठी आम्ही लांबून दिसणारे दिवे होतो. रूपांतरात हे वाक्य नव्हते. प्राध्यापकांनी गाळले होते, कारण गेटमनचे घर फाटकालगत असते.

"हे त्याने लिहिलंय?" काकांनी विचारले.

"हो."

"तुम्ही घातलेलं नाही?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

वाचनाच्या शुक्रवारी त्यांना यायला वीस मिनिटे उशीर झाला. आदल्या दिवसापासून धूळ उडत होती आणि शमालच्या रस्त्यावर समोरचे दिसत नव्हते. सेक्रेटरी मुलाची भूमिका वाचायला येणार होते. त्याच वेळी प्रहसनांची तालीम लागली, म्हणून ते आले नाहीत. मुलगा, मुलगी आणि अधिकारी मी वाचले. घरात चार खुर्च्या आहेत; दोन बाजूला केल्या. काकांनी जेवणाचे टेबल खोलीच्या मधोमध ओढायला सांगितले. पूल फिरवायचा प्रसंग आला तेव्हा ते उठले, टेबलाच्या कडेला हात टेकले आणि कागद न घेता बोलत टेबलाभोवती चालू लागले. मी वाक्ये कागदावर पडताळत होते. एकही चुकले नाही. फेऱ्या मी मोजल्या नाहीत. अधूनमधून ते थांबत, श्वास घेत, आणि ते थांबणे नाटकातले की त्यांचे, हे मला सांगता येणार नाही.

दिव्यांचे वाक्य मी मुलगा म्हणून वाचले. त्यावर बापाला वाक्य नाही. मूळ संहितेत फक्त सूचना आहे: तो काम चालू ठेवतो. काकांनी काम चालू ठेवले.

संपले तेव्हा खाली दुकानांची शटर नमाजासाठी ओढली जात होती. काकांनी टेबल जागेवर नेले, खुर्च्या लावल्या.

"आवाज बसला," ते म्हणाले. "प्रयोग असता तर दुसऱ्या अंकाची वाट लागली असती."

"बसला नव्हता."

"तुम्ही माझ्यासमोर होतात. शेवटच्या रांगेला गेला असता का?"

मी सांगितले की ते मला ठरवता येत नाही.

"बरोबर," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही कप विसळून पालथे ठेवले आणि मशिदीची गर्दी सुटायच्या आत निघाले.

संमेलन ठरल्या दिवशी झाले. तीन प्रहसने झाली. काका आले होते. मधल्या रांगेत बसले होते आणि हसत होते. कार्यकारिणीने त्यांना शाल आणि मानपत्र दिले. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी ते मुंबईच्या विमानाने गेले.

वाचनानंतर भाषांतर मी परवानगीसाठी एजन्सीला पाठवले होते. एजन्सीचे पत्र मे महिन्यात आले. विश्वस्तांनी भाषांतर मान्य केले होते. परवानगी एका प्रयोगाची, दोहासाठी, एक वर्षाच्या मुदतीत. मी पत्र काकांना पाठवले. 'मिळालं', एवढे उत्तर आले. जूनमध्ये मंडळाने नोव्हेंबरचा दिवस नक्की केला आणि सेक्रेटरींनी नाशिकला फोन केला. काकांनी विचारले, तालमी किती? दोन महिने, असे सेक्रेटरींनी सांगितले. व्हिजिट व्हिसाचे बघता येईल, असेही सांगितले. काका म्हणाले, राहायचं कुठे ते सांगा, मग बोलू.

मी काकांना फोन करून त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने माझ्याकडे उतरावे असे सुचवले. एक खोली रिकामी असते. ते म्हणाले, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन आला. आम्ही आधी कधी बोललो नव्हतो. त्यांनी माझी चौकशी केली, भाषांतर वाचले आहे असे सांगितले, आभार मानले.

"अठ्ठावीस वर्षं झाली, ताई," त्या म्हणाल्या. "आता परत नाही."

मी ठीक आहे म्हणाले. काका शेजारीच असावेत. दूरदर्शनचा आवाज कमी करा, असे त्या मध्येच कोणाला तरी म्हणाल्या.

जुलैच्या बैठकीत बापाची भूमिका बँकेतल्या गृहस्थांकडे गेली. मी हे काकांना कळवले. काकांनी त्या गृहस्थांचे पाठांतर कसे आहे ते विचारले. मी सांगितले, अजून सुरुवात नाही.

सप्टेंबरमध्ये नाशिकहून परतणाऱ्या एका कुटुंबाच्या सामानातून माझ्या नावाचे पाकीट आले. आत भाषांतराची छापील प्रत होती. बापाच्या प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलने हालचाली लिहिल्या होत्या: कुठे वळायचे, कुठे श्वास, कोणत्या फेरीला वेग कमी. पहिल्या पानावर 'भूमिका करणाऱ्यासाठी' असे लिहिले होते, नाव नव्हते. मी ते त्याच दिवशी सेक्रेटरींच्या घरी पोचवले आणि बँकेतल्या गृहस्थांना निरोप गेला. या रविवारपर्यंत त्यांनी ते नेलेले नव्हते.